भिंगरी खपली नाही तो उन्हाळा

कपाट उघडण्याआधी मी त्याच्या लोखंडी दाराला हाताची मागची बाजू लावून पाहते. तापात आई माझ्या कपाळाला लावायची, तशी. दहावीचा शेवटचा पेपर होऊन गेला, शाळांच्या फाटकांना कुलपे लागली, की ही सवय आपोआप हातात येते आणि पहिले ढग दिसू लागले की आपोआप निघून जाते. घरातल्यांना ती ठाऊक आहे. कुणी हसत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात सगळेच तापते. नळाचे पाणी तापते, पलंगाचा कठडा तापतो, देवघरातली घंटासुद्धा उचलताना चटका देते. कपाटाचे दार तापले यात विशेष ते काय? तरी मी हात लावते, कान देते आणि एक विशिष्ट वास येतो का ते हुंगते. गोडसर, उग्र, नखांना लावायच्या रंगासारखा. वास येत नाही. मग मी दार उघडते.

भीतीलाही ऋतू असतो, हे मला तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याने शिकवले.

त्या उन्हाळ्याला आकार होता तळहाताएवढा. रंग हिरवा, कच्च्या कैरीच्या सालीचा. मधोमध बिस्किटाएवढा पडदा, डावीकडे चार बाणांची कळ, उजवीकडे दोन गोल बटणे. त्यांवर बोट टेकले की मऊ रबरी दाब जाणवायचा, चिंचोका सालीत सरकावा तसा. हातात धरून खेळायचे हे यंत्र माझ्या धाकट्या भावाने, नंदनने, बनवले होते. पुण्यात दुसऱ्यांसाठी यंत्रे बनवण्याची नोकरी सोडून तो परत आला आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका मित्राच्या टॉवेल विणणाऱ्या मागांच्या शेडमध्ये त्याने एक कोपरा मागून घेतला. यंत्राचे नाव मी ठेवले : भिंगरी. त्यातली गोष्टही माझीच. मी महाविद्यालयात कविता शिकवते. शब्द कमी करणे हे माझ्या पेशातच आहे. पण त्या पडद्यावर एका ओळीत चौदा अक्षरेच मावत. एका मुलीची गोष्ट होती. सात पायऱ्यांच्या विहिरीत ती हरवलेला आवाज शोधायला उतरते. चौदा अक्षरांत अंधार लिहायचा, चौदा अक्षरांत पाण्याचा थंडपणा. इतक्या आनंदाने मी क्वचितच काही लिहिले असेन.

शिवाय प्रत्येक भिंगरी आपल्या मुलाला नावाने हाक मारायची. विकत घेणाऱ्याचे नाव मी स्वतः त्यात भरून देत असे. कळ दाबली की पडदा उजळायचा, आणि ‘ये, समीर’, ‘ये, तनुजा’ अशी अक्षरे यायची, बोलावण्याच्या सुराबरोबर. त्या नावांची एक वही मी ठेवली होती.

टॉवेलच्या शेडमध्ये जे कधी गेले नाहीत, त्यांना तिथला आवाज सांगता येत नाही. तो कानांनी ऐकायचा नसतोच. तो दातांत बसतो, पोटऱ्यांत बसतो. चोवीस माग एकदम धडधडत असताना तिथली माणसे तोंडाने बोलत नाहीत. दोन बोटे वर केली की चहा, मनगट फिरवले की धागा तुटला, गळ्यावरून हात नेला की माग बंद कर. नंदन महिनोन्‌महिने त्या गदारोळात बसून भिंगरीचा आवाज जुळवत होता. त्याला ऐकू आला पाहिजे, एवढीच त्याची कसोटी. त्याला ऐकू येईपर्यंत तो वाढवत गेला. पुढे शाळेच्या जत्रेत घेतलेली पहिली भिंगरी एका घरात सुरू झाली, तेव्हा ती किंचाळली. आवाजाची चकती अगदी शेवटपर्यंत मागे फिरवली, तरी ती ओरडतच होती. आम्ही तिला हळू बोलायला शिकवलेच नव्हते.

“पुढच्या खेपेला दुरुस्त करतो,” नंदन म्हणाला.

पुढची खेप आलीच नाही.

ती का आली नाही, याचा विचार मी आजही करते. परवा नव्या पेठेतल्या एका दुकानाच्या काचेआड तशीच दोन-तीन यंत्रे दिसली, मोठमोठ्या परदेशी कंपन्यांची. उन्हाने खोक्यांचे रंग उडालेले. म्हणजे नंदन एकटा नव्हता. ज्यांच्याकडे शेडचा कोपरा नव्हे, अख्ख्या इमारती असतात, त्यांचीही भिंगरी अशीच पडून राहते. कुणाचे यंत्र जड असते, कुणाचा पडदा उन्हात दिसत नाही, कुणाच्या यंत्रासाठी पुरेसे खेळच कुणी लिहीत नाही. आणि खेळ नाहीत म्हणून घेणारे नाहीत, घेणारे नाहीत म्हणून खेळ नाहीत. हे सगळे नंदन मला समजावून सांगत असे, आणि ते खरेच असावे. पण मला खरे कारण कळले ते जत्रेतल्या आमच्या टेबलापुढे उभ्या असलेल्या एका बाईच्या तोंडून.

“ह्यात अभ्यासाचं काय हाय?” तिने विचारले.

“काही नाही. खेळ आहे,” नंदन प्रामाणिकपणे म्हणाला.

“मग मोबाईल काय वाईट? त्यात निदान अभ्यास हाय म्हणता येतंय की.”

म्हणता येतंय! एवढ्याच एका गोष्टीवर वस्तू घरात शिरतात. मोबाईल घरात येतो तो कामाचा म्हणून, शाळेचा म्हणून, गावच्या आजीचे तोंड दिसावे म्हणून. खेळ त्याच्या पोटात लपून येतो. भिंगरीला लपायला पोटच नव्हते. ती दारातच कबूल करत होती, मी फक्त खेळ आहे. आणि आमच्या घरांत निव्वळ खेळाला जागा असते ती सुट्टीत, अंगणात, चौघांत. कॅरमला चार बाजू असतात. भांडायला चौघे लागतात. भिंगरी एकाच्याच मुठीत मावे, बाकीचे भाऊबहीण खांद्यावरून डोकावून कंटाळत. एकट्याने, काहीही न शिकता, मोठ्याने सुखी होणारे मूल आई-बापांना फार वेळ पाहवत नाही. मार्चच्या परीक्षा आल्या आणि घरोघरी भिंगरीची रवानगी झाली कपाटावर, ट्रंकेत, पिठाच्या डब्यामागे. आमची हार झाली ती अशी, कुणालाही न दुखावता, एका परीक्षेच्या तोंडावर.

तेव्हा मला फार वाईट वाटले होते. आज त्या वाईट वाटण्याची मला भीती वाटते.

मेच्या पहिल्या आठवड्यात एक शिक्षक आपल्या मुलाची भिंगरी परत घेऊन आले. “झाकण बसत नाही हो. पोट सुटलंय हिचं!” ते हसत होते. नंदनने ती टेबलावर ठेवली. ती सपाट बसेना. डावी-उजवीकडे डोलत राहिली, कितीतरी वेळ.

“ताई, मागे सर. हात लावू नकोस.”

त्याने लाकडी पट्टीने झाकण उचलले. आतली बॅटरी म्हणजे एक चपटे चंदेरी पाकीट. ते पुरीसारखे टम्म फुगले होते. न विकलेल्यांपैकी एक भिंगरी त्याने पूर्ण चार्ज केली, पत्र्याच्या डब्यात घातली, झाकण लावले आणि डबा गच्चीवर उन्हात ठेवला. पहिला दिवस काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही जिन्यात उभे होतो. आधी एक शीळ ऐकू आली, बारीक, दातांत ओठ दाबून घातल्यासारखी. मग झाकण उडून कठड्यावर आदळले. धूर पांढरा होता. वास गोड होता. मला वाटले होते, अशा गोष्टीला काहीतरी जळका, कडू वास असेल. तो गोडपणाच माझ्या छातीत बसला. डब्याच्या आत काळे फूल उमटले होते. तो डबा एखाद्या मुलाच्या मांडीवर मावेल, एवढाच होता.

“तू तर मागच्या मेमध्ये तपासली होतीस ना? भर उन्हाळ्यात?”

“शेडमध्ये तपासली, ताई.” तो डब्याकडेच बघत होता. “शेडमध्येच.”

मग मलाही आठवले. सूत कोरडे पडले की तुटते. म्हणून उन्हाळाभर त्या शेडच्या फरशीवर दर तासाला पाणी शिंपतात, खिडक्यांना ओली पोती बांधतात. बाहेर शहर भाजत असताना माग ओलसर सावलीत धडधडत असतात. तिथे नंदनने तिची उन्हाची परीक्षा घेतली होती आणि ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. सोलापूरच्या पत्र्याखालची दुपार तिने पाहिलीच नव्हती. त्या शेडने भिंगरीला दोन खोट्या सवयी लावल्या, ओरडून बोलण्याची आणि गारव्यात वाढण्याची. ओरडली म्हणून ती कपाटात गेली. आणि कपाटात, भर वैशाखात, तिचे पोट फुगू लागले.

मी नावांची वही उघडली. तेवीस नावे.

दोन दिवस आम्ही दारोदार हिंडलो. डोळ्यांपुढे तो डबा. दार उघडून कुणी येईपर्यंतचा तो अर्धा क्षण मला अजून आठवतो. आतून येणारा प्रत्येक वास मी आधी हुंगून घेत असे, फोडणीचा, फिनेलचा, उदबत्तीचा. आणि लोक हसत म्हणत, “घेऊन जा की! पोरगं खेळतंच नव्हतं.” कुणी म्हणे, “हाय व्हय अजून? कुटं ठिवलीया बघावं लागंल.” जानेवारीत याच वाक्यांनी माझा जीव कासावीस झाला असता. आता ती अंगावर माठातल्या पाण्यासारखी पडत होती. शिक्षकांचे घर धरून बावीस घरे झाली. त्यांतल्या एकाही घरात भिंगरी मुलाच्या हातात नव्हती. प्रत्येक दारात मी मनात म्हटले, बरे झाले. बरे झाले, कुणाला आवडली नाही.

तेविसावे नाव होते श्रावणी. भवानी पेठेतली, सातवीतली मुलगी. तिच्या आईचा, सुमनबाईंचा, फोन लागत नव्हता. आम्ही घर शोधून काढले, सकाळी अकराच्या सुमाराला. एकच खोली, वर पत्रा, दाराला कुलूप.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणत होती. “सुमन गाव को गयी, बेटी. भाई की शादी है,” ते म्हणाले. मी भिंगरीचे विचारताच त्यांनी कानांवर हात ठेवले. “वो मशीन? क्या चिल्लाती थी बा! सुमन कपाट में रख के ताला मारी.”

नंदनने काय झाले ते सांगितले. चाचांनी एकदा पत्र्याकडे पाहिले, मग भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेकडे.

“कुलूप तोडू या,” नंदन म्हणाला.

“ऐसा कैसा तोड़ते? औरत का घर है, और वो इधर नहीं. कल उसको क्या मुँह दिखाऊँ मैं?” चाचा उठून उभे राहिले. “तुम जाव, चाबी लाव. मैं हूँ इधर.” आणि आम्ही वळायच्या आत त्यांनी गल्लीला हाका घातल्या. बायका बादल्या घेऊन आल्या, कुणी पोती आणली. आम्ही निघालो तेव्हा पत्र्यावर ओली पोती अंथरली जात होती, आणि पाणी पडताच पत्रा तव्यासारखा चरचरत होता.

शेडमालकाचा टेम्पो घेऊन आम्ही चाचांनी सांगितलेल्या, अक्कलकोटच्या पुढे कर्नाटकच्या सीमेलगतच्या गावी गेलो. रस्ता वितळलेला. दूरवर कुठेही धूर दिसला की मी पुढे वाकून बघे, आणि तो दरवेळी वीटभट्टीचा किंवा जाळलेल्या धसकटांचा निघे. मांडवात हळद लागत होती. सुमनबाई हात कोपरापर्यंत पिवळे करून बसलेल्या. मी बाजूला बोलावून सगळे सांगितले. त्यांनी ऐकले, आणि त्यांचा पिवळा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

“किल्ली न्हाय देत. त्या कपाटात माजं सगळं हाय. मीच येते.”

“आई, मी पण,” श्रावणी म्हणाली.

टेम्पोच्या पुढच्या बाकावर आम्ही चौघे दाटीवाटीने बसलो. हळदीचा, डिझेलचा आणि घामाचा वास एकत्र झाला होता. मग सुमनबाई रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, “खेळणं म्हणून दिलंत, आन्‌ आत दारूगोळा भरलात व्हय, दादा?”

“चूक झाली, वहिनी.”

“चूक म्हणं! त्या कपाटाला टेकून टॉवेलाला दोरा मारत बसते मी रोज.”

मी भीतभीत विचारले, “ठेवताना तिचं चार्जिंग संपलं होतं ना?”

“संपलेली कशी ठिवीन? भरून ठिवली की, फुल. रिकामी वस्तू कपाटात ठिवत न्हाईत, ताई. नव्या पर्समदी बी मी एक रुपाया टाकून ठिवते. नवा डबा असंल तर चार दाणं.”

नंदनने टेम्पोचा वेग वाढवला. भरलेली बॅटरी उन्हात सगळ्यात वाईट, हे त्याने मला आदल्याच दिवशी सांगितले होते. आमच्या आजवरच्या सगळ्या आयांनी घरात भरभराट राहावी म्हणून जे केले, तेच या बाईने केले होते. त्या भरलेपणावर आता ओली पोती सुकत होती.

“परीक्षा झाली की देणार होती आई, पण लग्नाची गडबड झाली,” श्रावणी हळूच म्हणाली. “मी सहाव्या पायरीपर्यंत गेले होते. तिथं लई अंधार हाय.”

बावीस घरांत कुणी दुसऱ्या पायरीपुढे गेले नव्हते. माझा चौदा अक्षरांचा अंधार या एकाच मुलीने चाचपून पाहिला होता. कुठल्याही लिहिणारीला आयुष्यात एकदा ऐकावेसे वाटते ते वाक्य मी त्या टेम्पोत ऐकले, आणि मला काहीही वाटले नाही. मी फक्त समोरच्या आकाशात भवानी पेठेच्या दिशेला धूर आहे का, ते पाहत होते.

धूर नव्हता. पत्रा वाफाळत होता. चाचा दारासमोर खुर्ची टाकून बसले होते, सदरा पाण्याने चिंब. वाळूची बादली तयार होती. नंदनने जाड हातमोजे चढवले.

“तिसऱ्या खणात. माज्या लग्नाच्या शालूच्या घडीत,” सुमनबाईंनी किल्ली देत सांगितले. त्या आत जाऊ लागल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला.

नंदन एकटा आत गेला. कपाटाचे दार करकरले. मग काहीच नाही. त्या काहीच नसण्यात मी माझ्या भावाच्या लहानपणापासूनचे सगळे आवाज आठवून घेतले, ते पुन्हा ऐकायला मिळणार नाहीत अशा घाईने. आणि मग तो वास आला, गोड. मी ओरडले असेन. मला आठवत नाही. नंदन पाठमोरा बाहेर आला, हात शक्य तितके लांब धरून. शालूची घडी तशीच त्याच्या हातांत, आणि तिच्यात ते हिरवे, फुगलेले, पडदा उचकटलेले. त्याने ते वाळूत लोटले, वरून वाळू ओतली, आणखी ओतली. वाळूने एकदा उसासा टाकला. एक पांढरी रेघ वर आली, वळली, विरली.

मग सुमनबाईंनी शालू उलगडला. जरीच्या बुट्ट्याजवळ रुपयाएवढा तपकिरी डाग पडला होता. त्यांनी तो अंगठ्याने चोळून पाहिला आणि पदर वळवून पुन्हा घडी घातली.

“आता अजून कुणाकुणाकडं हाय असलं?”

“कुणाकडेच नाही, वहिनी. हे शेवटचं.”

“मग एकूण खपली किती?”

“तेवीस.”

“तेवीसच?” त्यांचा राग एकाएकी उतरला. एवढा शिकलेला माणूस, नोकरी सोडून, रात्रंदिवस खपून, आणि तेवीस. “अगं बया! एवढ्या मेहनतीची तेवीसच?”

“तेवीसच,” नंदन म्हणाला. अपघातातून वाचलेल्यांचा आकडा सांगावा, तसा. मग तो बादलीशेजारी मटकन खाली बसला आणि त्याचे खांदे हलू लागले.

सुमनबाईंना वाटले, धंदा बुडाल्याचे रडू आहे. त्या त्याच्याजवळ वाकल्या, हळदीचा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाल्या, “रडू नगा, दादा. फुडच्या बारीला बगा, घराघरांत जाईल तुमचं.”

तो आशीर्वाद होता. त्या भर दुपारी, वाफाळत्या पत्र्याखाली, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.